निसर्ग येऊन गेलं, मग आता शंभर वर्षं सुटका का? सिम्युलेटेड वादळं आणि किनाऱ्यावरचं घर

आधी तुमचा प्रश्न मला कसा समजला ते सांगते. श्रीवर्धन तालुक्यात समुद्रापासून साधारण तीनशे मीटरवर तुमची नारळ-सुपारीची वाडी आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात निम्मी झाडं आडवी झाली आणि जुन्या घराची कौलं उडाली. आता त्याच जागी नवं घर आणि पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधायच्या आहेत. सल्लागाराच्या अहवालात ‘१०० वर्षांच्या पुनरावृत्तीची पाणीपातळी’ म्हणून एक आकडा आहे आणि तो ‘सिम्युलेटेड वादळांवरून’ काढल्याचं लिहिलंय. तुम्ही विचारताय, कधी आलीच नाहीत अशी वादळं संगणकात बनवून खरा धोका कसा कळतो? आणि शंभर वर्षांतलं वादळ येऊन गेलंय, तर आता नातवंडांपर्यंत काळजी नाही असं समजायचं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते: नाही. ‘शंभर वर्षांची पातळी’ म्हणजे कोणत्याही एका वर्षात ती ओलांडली जाण्याची शक्यता १ टक्का. काल ओलांडली म्हणून उद्याची शक्यता कमी होत नाही. तुमचं घर ३० वर्षं उभं राहणार असेल, तर तेवढ्या काळात ती पातळी निदान एकदा ओलांडली जाण्याची शक्यता २६ टक्के येते, म्हणजे चारात एक. शिवाय निसर्ग हे तुमच्या गावाचं शंभर वर्षांचं वादळ होतं, हे तरी कोणी ठरवलं? वाऱ्याच्या बाबतीत कदाचित असेल. पाण्याच्या बाबतीत ते नव्हतं असं मला वाटतं.

पहिल्या प्रश्नाला वेळ लागेल. किनाऱ्यावरच्या वादळी पाण्याचा अभ्यास हेच माझं वीसेक वर्षांचं काम आहे, आणि हा प्रश्न मला दर दुसऱ्या गावात विचारला जातो.

इतिहासावरून धोका काढायचा तर वादळं मोजता आली पाहिजेत. रायगड-रत्नागिरीच्या पट्ट्यात थेट येऊन धडकलेली मोठी वादळं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबईला झोडपणारं एक, नोव्हेंबर २००९ चं फयान, मग निसर्ग. समजा सव्वाशे-दीडशे वर्षांच्या नोंदींत एका पट्ट्यात तीन वादळं सापडली. म्हणजे सरासरी चाळीस-पन्नास वर्षांतून एक, असं म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं. पण तीन हा आकडा इतका लहान आहे की खरं प्रमाण पंधरा वर्षांतून एक असतं किंवा दोनशे वर्षांतून एक असतं, तरी नोंदीत तीन दिसणं अशक्य नव्हतं. पंधरा आणि दोनशे यांच्या मध्ये कुठेतरी, असं सांगून कुणाला घराचं जोतं ठरवता येत नाही.

त्यात नोंदी एकसारख्या नाहीत. उपग्रह येण्याआधी भर समुद्रात जन्मून तिथेच विरलेलं वादळ एखाद्या जहाजाच्या वाटेत आलं तरच कळायचं. आणि काही नोंदी चक्क खोट्या असतात. १८८२ च्या जूनमध्ये मुंबईत चक्रीवादळाने एक लाख माणसं गेली, ही गोष्ट कितीतरी याद्यांमध्ये वर्षानुवर्षं फिरत होती. कोलंबिया विद्यापीठाचे अ‍ॅडम सोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्यात पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञही होते, मुंबईच्या चक्रीवादळांच्या धोक्यावरचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी जुने पुरावे तपासले तेव्हा असं वादळ झालंच नव्हतं हे स्पष्ट झालं. तीन-चार वादळांच्या यादीत असं एक भुताटकीचं वादळ शिरलं की सगळा हिशेब फिरतो. त्याच अभ्यासात मुंबईचा धोका काढण्यासाठी सिम्युलेटेड वादळंच वापरली आहेत.

आता ही वादळं म्हणजे काय ते निसर्गवरूनच बघू.

निसर्ग दुपारी साडेबारा ते अडीचच्या सुमारास दिवेआगर-श्रीवर्धनच्या पट्ट्यातून जमिनीवर आलं. वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाणाचे दिवस. त्या सकाळी द्वादशी संपून त्रयोदशी लागत होती. कोळीवाड्यातला हिशेब तुम्हाला ठाऊकच असेल: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. बाराची पाऊणपट नऊ, तेराची पावणेदहा. थोडं मागेपुढे धरलं तरी भरती सकाळी दहापर्यंत होऊन गेली होती आणि वादळ शिरलं तेव्हा पाणी ओसरत होतं. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक मुंबईला साडेतीन मीटरच्या पुढे आणि गोव्याला दोन मीटरच्या आसपास असतो. तुमचा किनारा या दोन्हींच्या मधला. वादळ तीन-चार तास आधी आलं असतं, तर वाऱ्याने ढकललेलं तेवढंच पाणी भरतीच्या डोक्यावर बसलं असतं.

वादळाचा जोर तोच, वाट तीच, फक्त घड्याळ मागे. हे झालं एक सिम्युलेटेड वादळ. असं वादळ येऊ शकलं नसतं असं कुणी म्हणेल का?

आता वाट थोडी सरकवू. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या उलट फिरतात. निसर्ग ईशान्येकडे सरकत होतं, त्यामुळे ते जिथे शिरलं त्याच्या दक्षिणेला, हरिहरेश्वर-बाणकोट-केळशीकडे, वारा समुद्रावरून जमिनीवर येत होता आणि पाणी आत लोटत होता. उत्तरेला अलिबागकडे बराच वेळ तो जमिनीवरून समुद्राकडे वाहत होता. तुम्ही जवळजवळ मधोमध होतात. तेच वादळ तीस-चाळीस किलोमीटर उत्तरेला गेलं असतं, तर सगळ्यात जोराचा आणि सगळ्यात वाईट दिशेचा वारा तुमच्या पुळणीवर आला असता. अरबी समुद्रातून येणाऱ्या वादळाला तीस-चाळीस किलोमीटर म्हणजे काहीच नाही.

ऑक्टोबर २०१९ मधलं क्यार आठवा. ऐन दिवाळीच्या तोंडावर ते रत्नागिरीपासून दोनेकशे किलोमीटरवर होतं. मग पश्चिमेकडे वळलं आणि वळल्यावर वाढत वाढत सुपर सायक्लोन झालं. आपल्याकडे लाटा आल्या, सिंधुदुर्ग-गोव्यात पाणी चढलं, पण वादळ लांब गेलं. ‘महाराष्ट्रात धडकलेली वादळं’ या यादीत क्यारची नोंद शून्य. सिम्युलेशन त्याला शून्य धरत नाही. वरच्या थरातले वारे थोडे वेगळे असते तर ते कुठे गेलं असतं, हे ते विचारतं, आणि एकदा नाही, हजारो वेळा.

प्रत्यक्षात हे काम दोन वेगळ्या पद्धतींनी चालतं, आणि तुमच्या अहवालात कोणती वापरली हे विचारायला हवं. पहिली पद्धत आकडेशास्त्राची. झालेल्या वादळांच्या वाटा, वेग, दाब यांचे नियम काढायचे आणि त्या नियमांनी नवी वादळं पाडायची. नेदरलँड्समध्ये नादिया ब्लूमेंडाल यांनी तयार केलेला ‘स्टॉर्म’ नावाचा संच असा आहे. १९८० ते २०१८ च्या नोंदींवरून त्यात दहा हजार वर्षांची वादळं आहेत. दुसरी पद्धत अमेरिकेतले हवामानशास्त्रज्ञ केरी इमॅन्युएल यांनी रूढ केली. तिच्यात समुद्रभर दुबळ्या भोवऱ्यांचं बी पेरायचं. ज्या जागी, ज्या महिन्यात पाणी गरम आहे, हवा दमट आहे आणि वरच्या-खालच्या थरांतल्या वाऱ्यांत फारसा फरक नाही, तिथलं बी रुजतं. बाकीचं, म्हणजे बहुतेक सगळं, मरतं. जे रुजलं त्याला वरचे वारे ओढत नेतात आणि त्याचा जोर समुद्रातल्या उष्णतेच्या हिशेबाने वाढतो-घटतो.

दुसऱ्या पद्धतीकडे माझा ओढा जास्त आहे, आणि त्याला कारण आहे. दहा हजार वर्षं म्हटलं की लोक भारावून जातात, पण अडतीस वर्षांच्या नोंदींतून काढलेल्या दहा हजार वर्षांत माहिती अडतीस वर्षांचीच असते. ताकात पाणी घालून ताक वाढतं, लोणी वाढत नाही. भौतिकशास्त्र घातलं तर मात्र थोडं लोणी खरंच वाढतं. नोंदीत आजवर न दिसलेलं, पण समुद्र आणि हवा मिळून घडवू शकतात असं वादळ तिथे तयार होऊ शकतं. २००७ च्या जूनमध्ये गोनू ओमानवर गेलं, तोवर अरबी समुद्र इतकं जबर वादळ देऊ शकतो हे नोंदींवरून कोणी सांगितलं नसतं.

कोणताही संच हातात आला की मी आधी त्याची जुलैची परीक्षा घेते. आपल्याकडे वादळं मे-जूनमध्ये येतात, पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. भर पावसाळ्यात समुद्र पुरेसा गरम असूनही अरबी समुद्रात जबर चक्रीवादळं जवळजवळ होत नाहीत. मान्सूनचा खालचा वारा नैर्ऋत्येचा, वरचा पूर्वेचा, या ओढाताणीत वादळाचा खांब उभाच राहत नाही. संचात जुलै-ऑगस्टमध्ये दणकट वादळं दिसली, तर तो आपल्या समुद्राला समजलेला नाही, आणि मी तो बाजूला ठेवते. दुसरी परीक्षा वाऱ्याच्या मापाची. आपलं हवामान खातं तीन मिनिटांची सरासरी देतं, अमेरिकेचं केंद्र एका मिनिटाची, जागतिक प्रघात दहा मिनिटांचा. हे आकडे न बदलता एकत्र कालवले की वादळं उगाच जोरदार किंवा मवाळ होतात. ही चूक मी छापील अहवालांमध्ये पाहिली आहे.

वादळ तयार झालं की त्यावरून पाणी काढायचं. दाबामुळे होणारा भाग सोपा: हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने (हे दाबाचं एकक) उतरला की समुद्र सुमारे एक सेंटिमीटर फुगतो. वीस हेक्टोपास्कलची घट म्हणजे वीस सेंटिमीटर. खरा मारा वाऱ्याचा. वारा उथळ पाणी जास्त ढकलतो, म्हणून समुद्रतळाचा उतार निर्णायक ठरतो. बंगालच्या उपसागराचं उत्तर टोक उथळ आणि निमुळतं आहे, म्हणून १९७० च्या भोला वादळात तीन लाखांवर माणसं गेली. आपल्याकडे मुंबईसमोर उथळ तळ सुमारे तीनशे किलोमीटर पसरलाय आणि दक्षिणेकडे तो अरुंद होत जातो. एकच वादळ मुंबईला आणि मालवणला वेगळं पाणी देईल. हे सगळं गणित हजारो वादळांसाठी पूर्ण बारकाव्याने चालवायला संगणकही पुरत नाही, म्हणून त्यातली काही शे वादळं निवडून चालवतात आणि बाकीच्यांचं उत्तर त्यावरून बेततात. २००५ च्या कॅटरिना चक्रीवादळानंतर अमेरिकेत ही निवडीची रीत चांगली घासून घेतली गेली. मग प्रत्येक वादळाला भरतीची वेगवेगळी वेळ लावायची, दर वर्षाची सगळ्यात वरची पातळी काढायची आणि चढत्या क्रमाने मांडायची. दहा हजार वर्षांत जी पातळी शंभर वर्षांमध्ये ओलांडली गेली, ती शंभर वर्षांची पातळी. तुमच्या अहवालातला आकडा असा आलाय.

इथवर सगळं ठीक असलं तरी तुमच्या वाडीत तो आकडा चुकू शकतो, आणि बहुतेक वेळा तो वादळांमुळे नाही, जमिनीमुळे चुकतो. यावर मी जरा थांबणार आहे, कारण माझे सगळ्यात मोठे धडे इथलेच आहेत.

पहिला धडा शून्याचा. भरतीच्या तक्त्यातली ‘४.८ मीटरची भरती’ ज्या शून्यापासून मोजतात तो ओहोटीच्या खालच्या पातळीजवळचा असतो. जमीन मोजणारा सर्व्हेअर सरासरी समुद्रपातळीपासून मोजतो. मुंबईत या दोन शून्यांमध्ये सुमारे अडीच मीटरचं अंतर आहे. अनेक वर्षांपूर्वी एका बंदराच्या कामात आम्हाला मिळालेल्या नकाशात समुद्राची खोली एका शून्यापासून आणि जमिनीची उंची दुसऱ्या शून्यापासून होती, आणि हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. आमच्या सिम्युलेशनमध्ये शेजारचं अख्खं गाव साध्या उधाणालाच बुडालं. पडद्यावर निळं झालेलं गाव बघितलं तेव्हा आम्हाला शंका आली, कारण त्याच गावात आदल्या आठवड्यात आम्ही जेवलो होतो आणि अंगण कोरडं होतं. चूक उलट्या दिशेची असती, तर गाव सुरक्षित दिसलं असतं आणि कुणाला शंकाही आली नसती. तुमच्या अहवालात पातळीच्या आकड्याशेजारी ‘कशाच्या वर’ हे लिहिलंय का, ते आज बघा. नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही.

दुसरा धडा झाडांचा. स्वस्तातल्या अभ्यासांत जमिनीची उंची उपग्रहाच्या मोफत नकाशांवरून घेतात. दाट झाडीत त्या नकाशांना जमीन दिसत नाही, झावळ्या दिसतात. तुमच्या सुपारीच्या वाडीची उंची त्यात कित्येक मीटर जास्त येऊ शकते. म्हणजे कोकणात जे भाग सगळ्यात सखल आणि सगळ्यात जुने वस्तीचे, तेच नकाशात टेकडीसारखे वर येतात आणि पाणी त्यांना वळसा घालून जातं. सर्व्हेअर आणून वाडीतल्या दहा-बारा जागांची पातळी घेणं हा खर्च मी कधीच टाळू देत नाही.

तिसरा धडा मला एका आजींनी दिला. निसर्गनंतरचा पावसाळा सरल्यावर आम्ही बाणकोटच्या बाजूला एका खाडीकाठच्या गावात पाण्याच्या खुणा शोधत होतो. मी समुद्राकडच्या भिंती बघत फिरत होते. आजी पडवीत सुपारी सोलत बसल्या होत्या. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला, मला मागच्या दाराला नेलं आणि पायऱ्यांवर बोट टेकवलं: “हितवर आला पानी. फुडून न्हाय गो, मागून.” खालून दुसऱ्या पायरीवर गाळाची पिवळट रेघ होती, तिच्या वरचा चिरा स्वच्छ. समोरची पुळण उंच होती, सुरूची रांग होती. पाणी खाडीच्या मुखातून शिरलं, खारबंदिस्तीला, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या बांधाला, खांड पडली आणि मागच्या भातशेतांतून ते घराच्या पाठीमागे आलं. आमचं मॉडेल नकाशावर चौकोनांची जाळी टाकून हिशेब करतं, आणि ती खाडी इतकी अरुंद होती की जाळीच्या एका चौकोनात मावून गेली होती. पाण्याला आत यायला वाटच नव्हती. त्या रात्री मुक्कामी बसून आम्ही खाडीपुरती जाळी बारीक केली, बांधाची खरी उंची घातली, आणि मग पाणी आजींच्या पायरीपर्यंत आलं.

म्हणून तुमच्या तीनशे मीटरला मी फार किंमत देत नाही. समुद्र तीनशे मीटरवर असेल, खाडी किंवा तिचा फाटा मागून किती मीटरवर आहे? मध्ये बांध आहे का, कोण दुरुस्त करतं? ही उत्तरं तुमच्याकडे आहेत, माझ्याकडे नाहीत, आणि निकाल त्यांवर अवलंबून आहे.

तुमच्या जागी मी असते तर सल्लागाराला एवढं विचारलं असतं. शंभर वर्षांच्या पातळीचा एकच आकडा न देता पल्ला द्या, खालचा आणि वरचा. वादळाच्या केंद्रापासून सगळ्यात जोराचा वारा किती अंतरावर धरलाय, तेही सांगा, कारण अरबी समुद्रातल्या वादळांची ही मापं विरळ आहेत आणि पाणी त्यावर खूप हलतं. लाटांमुळे किनाऱ्याशी चढणारं पाणी धरलंय की वगळलंय? निसर्ग आणि तौक्ते हे दोन्ही त्याच मॉडेलमध्ये चालवून दाखवा आणि गावातल्या खुणांशी जुळवा. तौक्ते मुद्दाम सांगते, कारण मे २०२१ मध्ये ते किनाऱ्याला समांतर गुजरातकडे गेलं. न धडकता जाणारी अशी वादळं आपल्याला लाटा आणि पाणी देतात, आणि काही अभ्यासांत फक्त धडकणारीच मोजतात. सल्लागार पल्ला द्यायला तयार नसेल, तर मी त्या अहवालावर घर बांधणार नाही.

हवामानबदलाचंही तुम्ही शेवटी विचारलंय. वादळांची संख्या वाढेल की घटेल यावर मॉडेलांचं एकमत नाही. जी येतील त्यांतली जबर वादळं अधिक जबर होतील आणि पाऊस जास्त पाडतील, यावर बरंच एकमत आहे. आणि समुद्राची पातळी चढतेय याबद्दल वादच नाही. त्यामुळे तीस वर्षांच्या घरासाठी आजच्या पातळीवर समुद्रवाढीचा वेगळा वाटा घालायला सांगा. तो वादळांच्या आकड्यात मिसळू देऊ नका, वेगळा दिसू दे.

आणि पाण्याच्या नादात वारा विसरू नका. निसर्गमध्ये तुमच्या तालुक्याचं बहुतेक नुकसान वाऱ्याने केलं: झाडं, कौलं, पत्रे, विजेचे खांब. इमारतींनी किती वारा सोसावा हे ठरवणाऱ्या भारतीय मानकात मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर आहे, गोव्यासाठी ३९. चक्रीवादळासाठीचा वाढीव गुणक पूर्व किनाऱ्याला आणि गुजरातला डोळ्यांपुढे ठेवून आलेला आहे. निसर्गनंतर मी रायगडातल्या कुणालाही घरासाठी ४४ च्या खाली जायला सांगितलेलं नाही, आणि गुणकही धरायला सांगते. छपराचा वासा भिंतीला, भिंत जोत्याला पट्टीने बांधलेली हवी. त्याचा खर्च जोतं अर्धा मीटर चढवण्यापेक्षा कमी येतो आणि उपयोग जास्त वेळा होतो. पाहुण्यांच्या खोल्यांवर नुसते पत्रे घालू नका.

आता एक काम तुमच्यासाठी. येत्या अमावास्येला किंवा पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमारास खाडीच्या बाजूला जा. पाणी चढून थांबलं की तिथे खुंटी ठोका आणि त्या खुंटीपासून तुमचं जुनं जोतं किती वर आहे ते पाण्याच्या नळीने मोजा. दोन माणसं आणि प्लास्टिकची पारदर्शक नळी पुरते. तो आकडा, त्या दिवसाची तिथी आणि अहवालातली पातळी ‘कशाच्या वर’ आहे, एवढं मला कळवा. मग तुमचं जोतं किती चढवायचं ते सेंटिमीटरमध्ये बोलू.